दगडी हत्यारातला शिंपला: गोव्यातल्या दगडवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरला, नद्यांचं पाणी खाली गेलं की आमच्या घराच्या सोप्यावर दगड जमू लागतात. कोणी नदीतून आणतं, कोणी कुळागराच्या बांधावरून, कोणी चिऱ्यांच्या खाणीतून. "सर, हत्यारासारखं दिसतंय आणि आत शिंपली पण आहे, बघा जरा." मी पुरातत्त्वज्ञ नव्हे. सांगे तालुक्यात भूगोल शिकवला, आणि शिकवता शिकवता दगडांचा नाद लागला. त्याच त्याच प्रश्नांना तोंडी उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून हे लिहून ठेवलं.

दगडी हत्यारात जीवाश्म येतो तरी कुठून?

हत्यार घडवणाऱ्याने तो घातलेला नसतो. तो आधीपासून दगडातच असतो. हत्याराला काचेसारखा फुटणारा, बारीक पोताचा दगड लागतो. चकमकीचा दगड, म्हणजे फ्लिंट, आणि त्याचा भाऊबंद चर्ट हे त्यातले सगळ्यांत लाडके. दोन्ही मुख्यतः सिलिकाचे. युरोपातला फ्लिंट खडूच्या थरांमध्ये गाठींच्या रूपात सापडतो. तो खडू म्हणजे सुमारे ७ ते १० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा गाळ. त्या समुद्रातल्या स्पंजांच्या शरीरात सिलिकाच्या बारीक सुया असत. स्पंज मेले, सुया विरघळल्या, आणि ते सिलिका गाळात पुन्हा घट्ट होऊन बसलं. घट्ट होताना वाटेत जे जे पडलेलं होतं, शिंपले, समुद्री अर्चिनांची (काटेरी, गोलसर समुद्री प्राण्यांची) कवचं, किड्यांची बिळं, ते सगळं त्याने पोटात घेतलं. पुढे कोट्यवधी वर्षांनी कोणा माणसाने ती गाठ उचलून फोडली.

मग जीवाश्माचं वय तेच हत्याराचं वय ना?

नाही. हा गोंधळ सगळ्यांत जास्त होतो आणि सगळ्यांत जास्त मनःस्तापही हाच देतो. तुमच्या घराचा चिरा हजारो वर्षांपूर्वी तयार झालेला असेल, म्हणून घर हजारो वर्षांचं होत नाही. शिंपला ८ कोटी वर्षांचा आणि हत्यार ४ लाख वर्षांचं, हे अगदी शक्य आहे. जीवाश्म दगडाबद्दल बोलतो, हत्याराबद्दल बोलत नाही. हत्याराचं वय ठरतं ते ज्या थरात सापडलं त्या थरावरून. चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमची हत्यारं १५ लाख वर्षांच्या आसपासची ठरली, तीही तिथल्या थरांचा अभ्यास करूनच.

नदीत हत्यारासोबत जनावराचं हाड सापडलं, दगड झालेलं. तेही यातच येतं का?

नाही, ती वेगळी गोष्ट, आणि जास्त मोलाची. गोदावरीकाठी नांदूर मधमेश्वरला पुराश्मयुगीन हत्यारांच्या थरात रानबैलाचे जीवाश्म मिळाले. तिथे हाड आणि हत्यार एका काळचे सोबती असू शकतात, म्हणून हाड हत्याराच्या काळाबद्दल काही सांगू शकतं. हत्याराच्या *आत* असलेला शिंपला तसं काही सांगत नाही. असं हाड मिळालं तर उचलू नका. जागेचा फोटो घ्या आणि तज्ज्ञांना कळवा.

गोव्यात मिळालेल्या हत्यारात जीवाश्म सापडेल का?

दगड इथला असेल तर शंख-शिंपल्याचा जीवाश्म सापडण्याची आशा सोडा. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं, पण कारण ऐकलं तर उलट अभिमान वाटावा. गोव्याचा पाया ज्या खडकांचा, ते धारवाडी खडक, बहुतेक अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने. कवच असलेले प्राणी पृथ्वीवर मुबलक झाले ते सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला दगड तयार झाला तेव्हा शिंपल्याचा जन्मच झाला नव्हता. शिवाय त्या खडकांना जमिनीखाली इतका दाब आणि उष्णता सोसावी लागली आहे की आत काही असतं तरी ओळखीचं राहिलं नसतं.

त्याखेरीज उरतं काय? ग्रॅनाइट आणि नाइस, ते खोल पोटातल्या उष्णतेत घडलेले, त्यांत जीव नाही. सत्तरीच्या वरच्या अंगाला, घाटाकडे, दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे गोठलेला लाव्हा. त्यात पांढऱ्या बदामी गाठी दिसतात. त्या बिया नाहीत आणि अंडीही नाहीत, लाव्हातल्या बुडबुड्यांत नंतर भरलेली खनिजं आहेत. आणि सगळ्यांवर पांघरलेला जांभा. आपल्याकडच्या छोट्या हत्यारांना बहुधा पांढरी गारगोटी वापरलेली दिसते. ती खडकांच्या भेगांतून वर आलेल्या गरम पाण्यातून जमते. जीवाश्माला तिथे जागाच नाही.

अपवाद फक्त किनाऱ्याचा. समुद्राकाठी वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे चुन्याने चिकटून कोवळा खडक होतो. त्यात शिंपले भरपूर. पण तो काचेसारखा फुटत नाही, त्याचं हत्यार कोण करणार?

आणि तरीही सापडलाच तर?

तर मात्र माझ्याकडे धावत या. कारण मग प्रश्न बदलतो. हा दगड इथला नाही, तर आला कुठून? जीवाश्म म्हणजे दगडाच्या खिशात राहून गेलेली बसची तिकीट. कुठून बसला ते तिच्यावर छापलेलं असतं. हे सगळं पान मी खरं तर एवढ्या एका मुद्द्यासाठी लिहितोय.

गोव्यात परका दगड येण्याचे दोन मार्ग. एक, प्राचीन काळातली देवाणघेवाण किंवा माणसांची भटकंती. दुसरा, आणि जास्त शक्यतेचा, जहाज. जहाजाचा तोल राखायला तळात दगड भरत, माल चढवताना ते बंदरात काढून टाकत. आणि बंदुका! तोड्याची बंदूक मागे पडल्यावर चकमकीची बंदूक आली. तिच्या चापात फ्लिंटचा चौकोनी तुकडा बसवलेला असे. युरोपात असे तुकडे घडवण्याचा मोठा धंदा होता. इंग्लंडमधलं ब्रँडन हे गाव त्यासाठीच नावाजलेलं, तिथला दगड काळा. फ्रान्सचा दगड मधाच्या रंगाचा. १७९९ पासून काही वर्षं गोव्याच्या किल्ल्यांत ब्रिटिश फौजेचा तळ होता, हेही ध्यानात घ्या.

म्हणून रेइश मागूश, शापोरा, तेरेखोल अशा किल्ल्यांच्या आसपास दोन-तीन सेंटिमीटरचा, जाडसर, चौकोनी किंवा इंग्रजी डी अक्षरासारखा, कड ठोकून झिजलेला काळा वा मधाळ तुकडा दिसला, तर अश्मयुगात उडी मारू नका. तो शिपायाचा आहे. भिंगाखाली त्यात स्पंजाची सुई किंवा जाळीदार जीवाचा तुकडा दिसला, तर फ्लिंट समुद्री गाळातला आहे हे नक्की, म्हणजे तो सह्याद्रीतला नाही. मला स्वतःला असा तुकडा मिळाला तर हातकुऱ्हाडीपेक्षा जास्त आनंद होईल. पण संरक्षित किल्ल्यातून काही उचलायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

जीवाश्म राहू द्या. आधी हे हत्यार आहे का, हेच कसं कळायचं?

खरं म्हणजे पहिला प्रश्न हाच हवा. माणसाने ठोकून काढलेल्या छिलक्यावर, म्हणजे दगडाच्या पातळ तुकड्यावर, काही खुणा असतात. जिथे घाव बसला तिथे छोटी सपाट जागा. तिच्या खाली, छिलक्याच्या आतल्या अंगाला, फुगीर टेंगूळ. त्यापासून पसरणाऱ्या लाटांसारख्या रेघा, शिंपल्याच्या पाठीवर असतात तशा. (आणि इथेच लोक फसतात. ह्या लाटा बघून "शिंपला, शिंपला!" असा गजर होतो. तो शिंपला नव्हे, फुटण्याची रीत आहे. काचेची बाटली फुटली तरी तशाच लाटा येतात.)

मोठ्या हत्यारावर, म्हणजे हातकुऱ्हाड, फरशी (रुंद धारेची दगडी कुऱ्हाड) वगैरेंवर, दोन्ही बाजूंनी छिलके काढल्याच्या खाचा हव्यात, आणि त्या काही हेतूने काढल्यासारख्या दिसायला हव्यात. एखादी खाच कोणत्याही दगडाला नदी पाडते. कडेने एकामागून एक ओळीने पडलेल्या खाचा नदी सहसा पाडत नाही. दूधसागर आणि झुआरीच्या खोऱ्यांत पाषाणयुगीन हत्यारं मिळाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे नजर ठेवायला हरकत नाही. पण माझ्या सोप्यावर आलेल्या शंभर दगडांत पाच-सहाच विचार करण्याजोगे होते. त्यांतही जीवाश्म एकात नव्हता.

माझ्या दगडावर नेच्याचं पान स्पष्ट उमटलंय. हा तर जीवाश्मच ना?

रिवणकडचा एक मुलगा असाच दगड घेऊन आला होता. सपाट तुकडा, त्यावर काळ्या रंगात इतकी देखणी फांदी की जपानी चित्र वाटावं. वर्गात त्याने सगळ्यांना दाखवलं होतं, मास्तरांनीही मान डोलावली होती. मला सांगताना जीवावर आलं. तो मँगनीज होता.

पाण्यात विरघळलेलं मँगनीज आणि लोह दगडाच्या बारीक फटीत शिरतं आणि पसरत पसरत झाडाच्या फांद्यांसारखं जमतं. सांगे, केपे भागात मँगनीजच्या खाणी होत्या, त्यामुळे ही "पानं" आपल्याकडे मुबलक. ओळखायची कशी? फटीच्या कडेपासून सुरू होऊन आत वाढलेली दिसतात. खरं पान कडेशी बांधील नसतं. ह्या फांद्यांना मधली शीर नसते, जाडी नसते, आणि देठ कुठे संपतो आणि पान कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. एका दगडावर दहा आल्या तर दहाही वेगळ्या आकाराच्या, लहान-मोठ्या. खऱ्या झाडाची पानं एकमेकांसारखी असतात.

त्या मुलाला मी सांगितलं की तुझा दगड खोटा नाही, फक्त झाड नाही. तो अजून येतो.

अकीकात हिरवं शेवाळ अडकलेलं दिसतं, ते?

तेही खनिजच. शेवाळी अकीक म्हणून विकतात, नाव फसवं. दख्खनच्या लाव्हातल्या पोकळ्यांत अकीक आणि कॅल्सेडोनी बनतात. सूक्ष्मास्त्रांसाठी, म्हणजे इवल्या दगडी हत्यारांसाठी, हे दगड खूप वापरले गेले, म्हणून प्रश्न येतो. शेवाळ कधी आत गेलेलंच नसतं.

चिऱ्यात हाडासारख्या पोकळ नळ्या आहेत.

जांभ्याचा स्वभावच तो. मऊ भाग वाहून जातो, लोहाचा कठीण सांगाडा राहतो. मग नळ्या, भोकं, पोवळ्यासारखी जाळी, सगळं दिसतं. हाड नाही.

समुद्रकिनाऱ्यावर मिळालेल्या हत्यारावर खरोखरचा शंख चिकटलाय. आता तरी मानाल?

यात मी स्वतः फसलोय, म्हणून सविस्तर सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ओहोटीच्या वेळी मला खडकांत एक तळहाताएवढा दगड मिळाला. कड ठोकलेली वाटत होती आणि अंगावर तीन-चार पांढरे, शंकूसारखे, वर तोंड असलेले कवचाचे खडे. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी एका जाणत्या गृहस्थांकडे नेला. त्यांनी एकदा बघितलं आणि विचारलं, "हे खडे दगडाच्या आत शिरलेत की वर बसलेत?"

वर बसले होते. ते बार्नॅकल होते, होडीच्या तळाला चिकटतात तेच, फार तर काही वर्षांपूर्वीचे. त्यातला एक तर दोन खाचांच्या मधल्या कंगोऱ्यावर आडवा बसला होता, म्हणजे खाचा आधीच्या, तो नंतरचा.

तेव्हापासून माझी ही एकच मोठी कसोटी आहे. खाच जीवाश्माला कापते, की जीव खाचेवर बसतो? घाव घालताना दगडाबरोबर शिंपलाही अर्धा तुटलेला दिसला, तुटीची पातळी दगडाच्या पातळीशी एकजीव असली, तर शिंपला आधीचा आणि घाव नंतरचा. म्हणजे तो खरा आतला जीवाश्म. उलट कवच खाचा ओलांडून पसरलं असेल, नखाने हलत असेल, तर ते आजकालचं बिऱ्हाड. कालवं, किड्यांच्या चुनखडी नळ्या, सगळ्यांना हेच लागू. (तो दगडही हत्यार नव्हता. लाटांनी आपटून कड निघाली होती.)

खरा जीवाश्म असेल तर कुठला, हे ओळखायला काय बघू?

दगड ओला करा. पाण्याने पोत उठून दिसतो. मग विजेरी तिरकी धरा आणि दहापट भिंग लावा. नावाची घाई करू नका, आधी आकाराची घडण बघा.

पाचाचं गणित दिसलं, म्हणजे एका मध्यापासून पाच पट्टे निघून खाली गेलेत, ठिपक्याठिपक्यांच्या ओळी, किंवा वर पाच पाकळ्यांचं फूल, तर तो समुद्री अर्चिन. फ्लिंटमध्ये हा सगळ्यांत ठळक पाहुणा. मायक्रास्टर हा हृदयाच्या आकाराचा, कोनुलस उंच टोपीसारखा. बरेचदा कवच गेलेलं असतं आणि आतल्या पोकळीत भरलेला फ्लिंटचा साचा तेवढा उरतो, मोदकाचं सारण राहावं आणि उकड निघून जावी तसा.

शिंपला ओळखायला गोवेकराला शिकवणी लागत नाही. तिसऱ्यांच्या कवचावर वाढीच्या रेघा कशा कमानीत जातात, ते जेवताना बघितलेलं असतं. पण एक फरक लक्षात ठेवा. ब्रॅकिओपॉड नावाचे प्राणी दिसायला शिंपल्यासारखेच, नातं मात्र काही नाही. त्यांचं एक कवच घेऊन मधोमध उभी रेघ मारली तर डावं-उजवं सारखं येतं. तिसऱ्याचं एक कवच असं सारखं वाटत नाही, त्याचं डावं कवच उजव्या कवचाच्या आरशातल्या प्रतिमेसारखं असतं.

बंदुकीच्या गोळीसारखा लांबट दांडा, आडवा तुटला तर मध्यापासून निघालेले किरण, हा बेलेम्नाइट, माकूलच्या दूरच्या गोतावळ्यातला. बटणासारख्या छोट्या चकत्या, मध्ये भोक, कधी ताऱ्याच्या आकाराचं, ह्या समुद्रकमळाच्या (नाव कमळाचं, पण आहे प्राणी) देठाच्या मण्या. बारीक जाळी, मच्छरदाणीच्या तुकड्यासारखी, असेल तर ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे बारीक जलचर. मसुरीच्या डाळीसारखं किंवा नाण्यासारखं गोल, आडवं कापलेलं दिसलं तर आत कप्पेच कप्पे, तर नुम्युलाइट. नावाचा अर्थच छोटं नाणं. हा एकपेशीय जीव, आणि तरी नाण्याएवढा वाढे! इजिप्तच्या गिझाच्या पिरॅमिडचा चुनखडी दगड ह्याच नाण्यांनी भरलेला आहे. प्राचीन ग्रीक प्रवासी स्ट्राबो याने ते पाहिले तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर दगड झाली असं सांगितलं होतं. लोक सगळीकडे सारखेच.

भारतात अशी हत्यारं किंवा असा दगड कुठे आहे?

जीवाश्म *असलेल्या* हत्यारांपेक्षा भारतात जीवाश्माचं*च* हत्यार ही गंमत जास्त आहे. त्रिपुरात प्राचीन माणसाने दगड झालेल्या लाकडाची हत्यारं केली. म्यानमारमध्ये इरावतीच्या काठावरही तेच. लाकडातल्या प्रत्येक पेशीची जागा सिलिकाने घेतलेली असते, त्यामुळे ते चर्टसारखं फुटतं, पण धाग्याच्या दिशेने जास्त सहज. ते ओळखायचं तर आडव्या कापावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं बघा, ती लाकडाच्या नळ्यांची, आणि उभ्या अंगावर समांतर धागे. वर्षवलयं दिसलीच पाहिजेत असं नाही. उष्ण कटिबंधातल्या झाडांत ती अनेकदा धड उठतच नाहीत.

सिंधमधल्या रोहरी टेकड्यांचा चर्ट हा दुसरा मोठा विषय. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातल्या सागरी चुनखडीत तो मिळतो. हडप्पा संस्कृतीची लांब पाती त्याचीच, आणि ती गुजरातपर्यंत पोचलेली दिसतात. सागरी चुनखडीतल्या चर्टमध्ये सूक्ष्म सागरी जीव राहण्याची शक्यता असते, आणि अशाच खुणांवरून पाऱ्यासारखा निसटणारा दगडाचा प्रवास पकडता येतो.

आणि आपल्या जवळचा म्हणाल तर दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधला गाळ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एक लाव्हा थंड झाला, त्यावर तळी साचली, पुन्हा लाव्हा आला. त्या तळ्यांचा गाळ काही ठिकाणी चर्ट झाला. छिंदवाड्याकडच्या मोहगाव कलाँच्या चर्टमध्ये वनस्पतींचे इतके सुरेख अवशेष आहेत की त्यांवर कित्येकांनी आयुष्य घालवलं. तिथे गोड्या पाण्यातल्या गोगलगायीही मिळतात. तशा चर्टचं पातं गोव्यात मिळालं, तर ते बहुधा बाहेरून आलं असं म्हणता येईल. कोणाला मिळालं तर दाखवा.

आदिमानवाने जीवाश्म मुद्दाम मधोमध ठेवला, असं वाचलं. खरं का?

ही वेस्ट टॉफ्ट्सची हातकुऱ्हाड. इंग्लंडच्या नॉर्फकमध्ये १९११ साली मिळाली, आज केंब्रिजच्या संग्रहालयात आहे. (नकाशात बघा, बंदुकीच्या गारांचं ब्रँडन तिथून हाकेच्या अंतरावर म्हणावं इतकं जवळ आहे.) तिच्या एका अंगाला बरोबर मध्यावर स्पॉन्डिलस स्पायनोसस जातीचा शिंपला आहे, पंख्यासारख्या रेघांचा. फोटो पाहिला की वाटतंच, घडवणाऱ्याने त्याला चौकट केली. इंग्लंडमधल्याच स्वान्सकोंबची सुमारे ४ लाख वर्षांपूर्वीची एक हातकुऱ्हाडही अशीच, तिच्यात कोनुलस अर्चिन आहे. अलीकडे इस्रायलमध्ये गॅलिलीतल्या साखनिन खोऱ्यात जीवाश्म आणि स्फटिक असलेल्या हातकुऱ्हाडी मिळाल्या.

पण उलट बाजूही ऐका. वेस्ट टॉफ्ट्सचा शिंपला फ्लिंटच्या मूळ सालीवर, म्हणजे गाठीच्या न फोडलेल्या बाहेरच्या थरावर आहे. साल राहिलेल्या हातकुऱ्हाडी अगणित आहेत. काम भागलं की घडवणारा थांबे, आणि राहिलेल्या सालीत योगायोगाने शिंपला असणं अशक्य नाही. शिवाय जीवाश्माशी दगड वाकडा फुटतो, म्हणून जाणता कारागीर तिथे घाव टाळेल, सौंदर्यासाठी नव्हे तर हत्यार मोडू नये म्हणून.

माझं मत विचाराल तर, एका हत्यारावरून मन वाचू नये, पण दिसला नसेल असं मात्र मी मानणार नाही. दिवसभर दगड हातात फिरवणाऱ्या माणसाला तो पंखा दिसलाच असणार. दिसल्यावर त्याला काय वाटलं, ते आपल्याला कळायचा मार्ग नाही. इटलीतल्या फुमाने गुहेत निअँडरथल माणसाने आणलेला, लाल रंग लागलेला एक जीवाश्म शंख मिळाला आहे. तो हत्यार नव्हता, खायचाही नव्हता, तरी आणला. तो पुरावा मला जास्त पटतो.

आमच्या देवघरातला शाळिग्राम हा जीवाश्म आहे म्हणतात. फोडून पाहू का?

आहे. आणि नका फोडू. नेपाळच्या काली गंडकीत मिळणाऱ्या ह्या काळ्या गोट्यांत अॅमोनाइट असतो, माकूलच्याच गोत्राचा, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा. चक्र म्हणतो ती त्याच्या कवचाची वळणं. आपले पूर्वज त्यातला आकार ओळखून तो हिमालयातून पेडणे-काणकोणापर्यंत घेऊन आले आणि तुळस वाहू लागले. परक्या दगडाचा जीवाश्मावरून पत्ता लावायचा, ह्याचं गोव्यातलं घरोघरी असलेलं उदाहरण तेच.

उसगाळीमळला खडकावर जे मोठं चक्र आहे, तोही अॅमोनाइट का?

नाही हो. कुशावतीच्या काठी जांभ्यावर माणसाने कोरलेलं ते चक्रव्यूहासारखं चित्र आहे. १९९३ मध्ये ही कोरीव चित्रं अभ्यासकांसमोर आली. बैल, हरणं, पावलं, सगळं माणसाचं काम. त्यावर खडू फिरवून फोटो काढू नका, पाणी ओता हवं तर.

घरी साफ करताना काय टाळू?

व्हिनेगर, लिंबू, टॉयलेटचं आम्ल. फ्लिंटला काही होत नाही, पण आतला शिंपला कॅल्साइटचा असेल तर फसफसून जातो, आणि गेला की गेला. तारेचा ब्रश नको. कडा तर घासूच नका. कडेच्या सूक्ष्म झिजेवरून ते चामडं कापायला वापरलं की लाकूड तासायला, हे तज्ज्ञ सांगू शकतात. वार्निश, तेल, फेव्हिकॉल, काही नको. नुसती माती असेल तर तीही राहू द्या.

प्रयोगशाळेत काय वेगळं करतात?

साध्या खडकाची ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, सगळे सूक्ष्मजीव दिसतात. हत्यार असं कापता येत नाही. म्हणून त्याच्या पातळ कडेतून प्रकाश आरपार सोडून बघतात, किंवा ज्या खाणीतून दगड आला असेल तिथला कापून तुलना करतात. क्ष-किरणांचा त्रिमितीय स्कॅन ऐकायला भारी, पण सिलिकात सिलिकाचाच जीवाश्म असेल तर दोघांची घनता सारखी, चित्र धूसर येतं. फ्लिंट विरघळवून सूक्ष्म कण काढायला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते हाडापर्यंत जाळतं. यूट्यूब बघून मागवू नका.

कोणाला दाखवू? कायदा काय म्हणतो?

गोव्यात राज्याचं पुरातत्त्व खातं पणजीला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय जुन्या गोव्यात, आणि खडकाचाच प्रश्न असेल तर ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ. हत्यारांचा दांडगा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा, वनस्पती जीवाश्मांचा लखनौच्या बिरबल साहनी संस्थेचा.

शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंना १९७२ चा कायदा लागू होतो, त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. संरक्षित स्थळी खणणं किंवा उचलणं गुन्हा. ऑनलाइन "जीवाश्मवाली हातकुऱ्हाड" विकत घेऊ नका. बहुतेक कोणीतरी गेल्या वर्षी घडवलेली असते, आणि खरी असेल तर तिची जागा कायमची हरवलेली असते.

मग दगड तुमच्याकडे घेऊन येऊ?

दगड जागेवरच ठेवा, फोटो घेऊन या. तीन फोटो हवेत: दगडाचा दोन्ही अंगांनी, शेजारी रुपयाचं नाणं किंवा पट्टी ठेवून, जिथे संशय आहे तिथला तिरक्या उजेडात, आणि तिसरा, जो कोणीच आणत नाही, मागे उभं राहून काढलेला, नदी, बांध, झाड, रस्ता दिसेल असा. मोबाईलमधलं ठिकाण चालू ठेवा. संध्याकाळी चारनंतर या, त्याआधी मी झोपलेला असतो.